चेष्टेचा मान

टोपीच्या आतल्या कडेला घामाचा पिवळा पट्टा, आणि एका जागी टाका निसटलेला — दर्जी माणूस, पण स्वतःच्या टोपीला टाका घालायला याला सवड झाली नाही बघा — ती मेलेल्या पाझीची टोपी गुडघ्यावर धरून मिहांबो बसला होता, आणि अंगणभर चटयांवर बसलेली माणसं त्याच्याकडं बघत होती, कारण आता त्याची पाळी होती. पाझीला सकाळीच मातीत ठेवून आले होते. पाझी झारामो, मिहांबो न्यामवेझी. या दोन जमातींत बापजाद्यांपासून चेष्टेचं नातं. झारामोच्या घरी कुणी वारलं की न्यामवेझी म्तानीनं, म्हणजे चेष्टेच्या सोयऱ्यानं, मेलेल्याचे कपडे चढवायचे, त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं बोलायचं, त्याची हवी तेवढी टिंगल करायची — आणि म्तानी काय वाट्टेल ते बोलला तरी कुणी रागवायचं नाही.

"ऊठ की, हमालाच्या वंशा!" पाझीचा धाकटा भाऊ ओरडला. "का खांद्यावर ओझं दिल्याशिवाय पाय हलत नाहीत तुझे?"

"तुझ्या भावाला नेला की सकाळी खांद्यावरून. केवढा जड! कफनात नारळ भरले होते काय रे?"

अंगण खदखदलं. मिहांबोनं टोपी घातली, पाझीसारखा एक डोळा मिटला, हवेत सुई ओवली, आणि तोंडात टाचण्या धरल्यासारखा ओठांच्या फटीतून बोलायला लागला. बायकांनी अंगावर गुंडाळलेल्या कांग्याचं टोक तोंडात कोंबलं. असाच बोलायचा तो, मिहांबोला आठवलं... आणि त्या दिवशीही टाचण्या तोंडातच होत्या. स्वातंत्र्याला तीन वर्षं होती. गोऱ्या साहेबानं आमच्याकडं पक्षावर बंदी घातलेली, मी पक्षाची कार्डं कोटाच्या अस्तरात शिवून घ्यायचो आणि गावोगाव न्यायचो, शिवायचा पाझी. पोलीस दुकानात शिरले, अस्तर उसवलं, कार्डं चटईवर पडली. कुणाची ही? — आणि माझं बोट उठलं. तोंड नाही उघडलं मी, नुसतं बोट... पाझीकडं. पाझीनं एकदाच माझ्याकडं बघितलं, एकेक टाचणी काढून तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "माझी."

सहा महिने खडी फोडली त्यानं. आणि मिहांबो बाहेर राहिला, म्हणून सभा मिहांबोच्या, झेंडा चढवायला मिहांबो, मग जिल्हा, मग सगळ्या प्रांताचा अध्यक्ष, मग दहा वर्षं राजधानीतली खुर्ची — आणि प्रत्येक भाषणात, 'माझा मित्र पाझी देशासाठी तुरुंगात गेला!' टाळ्या ठरलेल्या. पाझी पुढंच बसलेला असायचा, तोही वाजवायचा. का रे वाजवायचास? एकदा चारचौघांत शिवी घातली असतीस तर मी सुटलो असतो...

आज नाही तर मग कधीच नाही.

"ऐका रे!" मिहांबो म्हणाला. "या पाझीला पोलिसांना कुणी दाखवला, ठाऊक आहे? मी! या बोटानं!"

असं हसू फुटलं की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. धाकटा भाऊ मांड्या थोपटत म्हणाला, "अध्यक्षसाहेब, मग गोऱ्यांना बोटीनं आणलं तेही तुम्हीच!"

"चेष्टा नाही करत. शप्पत!"

"म्तानी शप्पत घेतोय, ऐकलंत का!"

जितकं तो कळवळून सांगे तितकं ते जास्त हसत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर तेही त्यांना वठलेलं सोंग वाटलं. कुणीतरी वाहवा केली. आणि मिहांबोच्या मनात आलं — तुला हे ठाऊक नव्हतं होय? हसणार आहेत, म्हणूनच तर आजचा दिवस धरलास, लबाडा... चाळीस वर्षं दुसरा दिवस सापडला नाही तुला!

दाराला पडदा होता. नवरा गेलेल्या बाईनं आत बसायचं, म्हणून पाझीची बायको बी ताटू पडद्यामागं. म्तानीचं तोंड बंद करायला घरच्यांनी जेवण द्यायचं असतं, तिनं पडद्याखालून भाताचं ताट सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घ्या, न्यामवेझीबुवा, गिळा आता आणि गप्प बसा!"

पुन्हा हसू. तो ताट घ्यायला वाकला, तेव्हा तिचा आवाज खाली आला, अगदी पडद्याला लागून.

"भावजी, हे म्तानी बोलला, का तुम्ही?"

म्तानी, एवढं म्हटलं की झालं. ती भात वाढेल, लोक जेवतील, उन्हं उतरायच्या आत सगळे घरी जातील. ताट त्याच्या हातात होतं आणि मागं धाकट्या भावाची कुणाशी तरी थट्टा चाललेली. दहा-दहा हजार माणसांपुढं उभं राहताना याची छाती कधी धडधडली नव्हती. आत्ता चेहरा न दिसणाऱ्या एका बाईपुढं धडधडत होती, दुकानात धडधडली होती तशीच... तशीच, पण आज ती भीती दुसऱ्या कुणावर ढकलावीशी वाटेना. माझी, असं त्याला वाटलं. असू दे. त्यानं पाझीची टोपी डोक्यावरून काढली आणि वाकूनच पडद्याशी तोंड नेलं, आत ती वाट बघत होती.