खडूची रेघ

संप फिसकटला, गिरणीला टाळं लागलं आणि काशीराम घाटकोपरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसू लागला. वनमाला ताट वाढायची, तो मुकाट जेवायचा. पण बायकोच्या नजरेला नजर देईल तर शपथ!

मुलगा नंदू अंधेरीला सिनेमाचा कोर्स करत होता. दोन माणसांच्या संवादाची छोटी फिल्म करायची होती, त्याने आईबापांनाच बसवलं. या निमित्ताने तरी दोघं एकमेकांकडे बघतील, ही त्याची खरी आस.

शिकवणाऱ्या नीला मॅडमनी बजावलं होतं, "एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत जमिनीवर रेघ ओढ. कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. पलीकडे गेलास तर पडद्यावर दोघं एकाच दिशेला बघतात. मग वाट लागली समज."

नंदूने खडूने रेघ ओढली, आधी आईचा शॉट घेतला. मग कॅमेऱ्यात नवं रीळ भरायला तो जिन्याखालच्या अंधारात गेला. तेवढ्यात वनमालाने लादी लख्ख पुसून काढली. सिनेमात आपली जमीन मेली घाण दिसायला नको! नंदू परतला तेव्हा रेघ गेलेली आणि खिडकीतलं ऊन सरकत चाललेलं. बाबांच्या तोंडावर उजेड दिसेल असा तो घाईघाईत मोरीपाशी उभा राहिला.

काशीरामने मान वळवली. बायकोच्या डोळ्यांत बघत, पढवलेलं वाक्य सोडून भलतंच बोलला. "गिरण काय आता चालू होवची नाय. तुका खूप तरास दिलंय गो. चल, गावाक जावया." वनमालाचे डोळे घळाघळा वाहू लागले. नंदूने कॅमेरा थांबवला नाही.

रीळ लॅबमध्ये असतानाच काशीरामच्या छातीत कळ आली. रिक्षात घालेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढे फिल्म जोडायला बसल्यावर नंदूला आपली चूक दिसली. मोरीपाशी उभं राहताना तो रेघेच्या पलीकडे गेला होता. बैल गेला नि झोपा केला! बाबा आईच्या दिशेला बघावेत म्हणून त्यांचा तुकडा उलटा लावून पाहिला, तर मागच्या कॅलेंडरवरचे आकडे उलटे झाले आणि बाबा परके दिसू लागले. आईला दाखवूच नये असं त्याने ठरवलं. पण ती हटून बसली, "माका त्यांका बघूचा हा."

वर्गाच्या भिंतीवर फिल्म लागली. आवाज नव्हताच, त्या कॅमेऱ्यात तो टिपलाच जात नसे. वनमाला उजवीकडे बघत होती. मग काशीराम आला, तोही उजवीकडेच बघत ओठ हलवत होता. बायकोकडे पाठ करून दारातल्या कुणाशी तरी बोलावं तसा.

"नंदू, हे खंय बघतत रे?"

रेघेचं सांगायचं, तर ती पुसली कुणी हेही सांगावं लागलं असतं. ते त्याच्या जिभेवर येईना.

"तुझ्याकडेच बघत होते, आई. मी तिथेच होतो ना!"

"माका पण तसाच वाटलेला," वनमाला म्हणाली. भिंत पांढरी झाली तरी ती तिकडेच बघत होती. "पण तेवा माझ्या डोळ्यांत पानी होता. माका नीट दिसला नसात."