शिशाच्या आडचं वायफाय

आईचं भाषण साडेतीनला होतं आणि पेनड्राइव्हमधून निघाले वॉशिंग मशीनच्या गॅरंटीचे कागद.

आई एक्स-रे टेक्निशियन. वीस वर्षं तिनं जगाची हाडं बघितली, पण आपल्या कामाबद्दल चारचौघांपुढे बोलायची ही पहिलीच वेळ. त्यासाठीच ती या परगावच्या परिषदेला आली होती, आणि सोबत पंधरा वर्षांची लेक, जिला घरी सगळे तुरतुरी म्हणत. आईनं आपल्या एक्स-रेच्या खोलीत, टेबलाच्या बरोबर वर, छतावर स्वतःच्या हातानं प्राणी रंगवले होते. झोपवलेलं मूल ते बघण्यात असं रंगून जायचं की हलायचं विसरायचं. एकाच मुलाचा दोनदोनदा एक्स-रे काढायची वेळ आता क्वचितच यायची. सांगायचं होतं ते एवढंच, पण छत दाखवल्याशिवाय ते कुणाच्या डोक्यात शिरणार?

"फोटो घरच्या कॉम्प्युटरवर राहिले," आई म्हणाली. "जाऊ दे. माझं नाव काढून टाकायला सांगते."

"आत्ता कुठे दोन वाजलेत. बाबा आहेत की घरी."

"तुझे बाबा? झोपा काढत असतील."

"मग उठवते."

सभागृह एका हॉस्पिटलच्या तळघरात होतं आणि तिथे फोनला रेंज नव्हती. आईचा फोन घेऊन तुरतुरी दोन-दोन पायऱ्या चढत रस्त्यावर पळाली. बाबा खरंच झोपले होते. तरी एका बोटानं टाइप करत त्यांनी अकराच्या अकरा फोटो मेलवर पाठवले. आता ते उतरवून घ्यायला नेट कुठून आणायचं? आईनं फोनमध्ये नेटचा पॅक भरलाच नव्हता, कारण निमंत्रणपत्रिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं, सभागृहात मोफत वायफाय.

सभागृहात वायफायचा मागमूस नव्हता. कॅन्टीनमध्ये होतं, पण त्याला कुलूप.

"पासवर्ड मालकांना माहीत," गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या.

"आणि मालक?"

"लग्नाला गेलेत."

"कुणाच्या?"

"स्वतःच्या." बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

औषधांच्या दुकानात, स्वागतकक्षात, अगदी पार्किंगमध्येही फोन उंच धरून तुरतुरी भटकली. पदरी काही पडलं नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी ती घामाघूम होऊन खाली आली आणि थेट आयोजकांसमोर उभी राहिली. ते निवृत्त टेक्निशियन, सगळे त्यांना दादा म्हणत.

"दादा, वायफाय कुठेच लागत नाहीये."

"सकाळपासून सगळे तेच म्हणतायत. मी स्वतः बसवलंय पोरी, दिवेसुद्धा लागलेत. बघ."

सभागृह म्हणजे हॉस्पिटलची जुनी एक्स-रेची खोली होती. कोपऱ्यात अजून ती केबिन होती, जिच्यात उभं राहून टेक्निशियन बटण दाबतो. जाड पिवळसर काचेमागे वायफायचा डबा हिरवे दिवे मिचकावत बसला होता.

"आणि दार बंद का?"

"सवय गं. किरणं सोडणारी वस्तू उघड्यावर कशी ठेवायची? काचेत शिसं, दारात शिसं, भिंतीत शिसं. तीस वर्षं इथे काम केलं, या केबिनच्या भिंतींनी एक किरण आरपार..."

दादांचं वाक्य तिथेच अडकलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि चाळीस तज्ज्ञ माना खाली घालून पत्रिका वाचू लागले.

तुरतुरीनं ते जडशीळ दार दोन्ही हातांनी ओढलं. चाळीस फोन एकदम टुणटुणले.

ती उडी मारून सभागृहाच्या कॉम्प्युटरपाशी बसली आणि तिनं मेल उघडला. पण आता सगळेच सकाळपासूनचं तुंबलेलं वाचायला लागले होते. पहिला फोटो तीन टक्क्यांवर जाऊन रुसून बसला. तीन वाजून सव्वीस.

"आई, हे सगळे मिळून नेट ओरपतायत. नाही येणार."

आईनं साडी सारखी केली, ती उठून माईकपाशी गेली आणि हॉस्पिटलमधल्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी फोन बंद करून मांडीवर ठेवा. दीर्घ श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका."

दिवसातून शंभर वेळा हेच दुसऱ्यांना सांगणाऱ्या त्या माणसांना हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी निमूट फोन बंद केले आणि गाल फुगवले. दादांनीही. टक्के भराभर पळू लागले. एक फोटो, दोन, तीन.

"सोडा," आई म्हणाली. सभागृहभर सुस्कारा उठला.

"बाकीचे आठ?" तुरतुरी कुजबुजली.

"येतील मागून. तू लावत जा." आईनं हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला. पडद्यावर लांबच लांब जिराफ उमटला. "याची मान छतात मावेना, म्हणून भिंतीवर उतरवली. अंगावर ठिपके किती, ते मी मुलांना मोजायला सांगते. आजवर कुणाचंही उत्तर बरोबर आलेलं नाही."

चौथा फोटो उतरत होता. तुरतुरीनं मान वर केली. पुढच्या रांगेत दादा ओठ हलवत ठिपके मोजत होते, आणि सबंध सभागृहात कुणीही हलत नव्हतं.