भार आल्यावरचं माप

चाळीस वर्षं लोकांच्या पायात जोडे घातले आणि एकदाही अंदाज चुकला नाही, असं मापकाका स्वतः सांगत. खरं तर दोन-तीनदा चुकला होता, पण ते पाय दुसऱ्या गल्लीतले होते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बाकीचे दुकानदार पावलाखाली पट्टी सरकवून मोकळे होत. काका म्हणत, "उठा. हातातली पिशवीही उचला." बसलेल्या पावलाचं माप खोटं, अंगाचा भार आल्याशिवाय पाऊल आपला खरा नंबर सांगत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. मग स्वतः गुडघ्यावर बसून, अंगठ्यानं जोड्याचं टोक दाबून विचारायचे, "कुठे चावतोय का?" गिऱ्हाईक कुरकुरलं तर ठरलेलं उत्तर तयार असे: "दोन दिवस चालून बघा. चालल्याशिवाय जोडा पायाचा होत नाही."

असा माणूस चार टायरांपुढे पाच आठवडे हात टेकून बसला होता.

टायर हवे होते सेहेचाळीस वर्षांच्या कॅम्पर व्हॅनला. आत पलंग, शेगडी, परातीएवढं बेसिन आणि वर उचलता येणारं छत. घरात तिला 'म्हातारी' म्हणत. ती काकूंनी निवृत्त झाल्यावर घेतली. काकूंनी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. रोज तोच रस्ता, तेच चौदा थांबे, आणि चारला परत. आता त्यांना समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला जायचं होतं, नऊ दिवस, एकाही थांब्याशिवाय. घाई होती ती डोळ्यांमुळे. त्यांची नजर कडेकडून मिटत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, आज चालवायला हरकत नाही, पण पुढच्या तपासणीनंतर परवाना राहील असं धरून चालू नका. तपासणी आठ आठवड्यांवर होती. काकांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे जायचं तर आत्ताच, आणि काकूंच्याच हातून.

म्हातारीचे जुने टायर दिसायला ठणठणीत होते. पण बाजूवर छापलेल्या तारखेनं ते एकोणीस वर्षांचे निघाले, रबराला केसासारख्या भेगा. टायरवाल्यानं टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "यांच्यावर मी कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाणार नाही." आता फक्त नवे निवडायचे राहिले होते. 'फक्त' हा शब्द त्याचा.

काका वही घेऊन गेले. टायरवर होतं एकशे पंच्याऐंशी, ऐंशी, चौदा.

"म्हणजे नंबर चौदा," काका म्हणाले.

"चौदा रिमचा. इंचात. एकशे पंच्याऐंशी ही रुंदी, मिलिमीटरमध्ये."

"आणि ऐंशी?"

"टक्के."

"कशाचे?"

"रुंदीच्या ऐंशी टक्के, ती उंची."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. एका वस्तूची तीन मापं, आणि तीन तऱ्हांची! चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं त्यांच्यापुढे टक्क्यांत पाऊल ठेवलं नव्हतं.

त्यात मेहुणा आला. काकूंच्या या धाकट्या भावाकडे गाडी नव्हती, त्यामुळे गाड्यांबद्दल बोलायला त्याला भरपूर वेळ होता. "भाऊजी, ही पोलादी चाकं काढून फेका. अलॉय घाला. हलकी, चकाचक!" काका अलॉयचं चित्र घेऊन टायरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ही दोन बोटं बाहेर येतील आणि वळणावर घासतील. शिवाय या गाडीला म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मग काकांनी जुन्या व्हॅनवाल्यांच्या ऑनलाइन गटात विचारलं. एकानं लिहिलं, पोलादी चाकांना हात लावलात तर पाप लागेल. दुसऱ्यानं लिहिलं, टायर रुंद घ्या. तिसरा म्हणाला, मुळीच रुंद घेऊ नका, स्टिअरिंग जड होईल. चौथ्यानं नुसतं विचारलं, "ब्रेक तपासलेत ना?" आणि काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी त्यांच्या वहीची गत झाली.

काकूंचं मात्र एका मिनिटात ठरलं. टायरवाल्यानं दिलेल्या सचित्र यादीतल्या पांढऱ्या पट्ट्याच्या टायरांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे. म्हातारीला शोभतील." चित्र कापून त्यांनी फ्रिजवर चिकटवलं.

टायरवाल्यानं ओठ मुडपले. "हे साध्या मोटारीचे. एक टायर साडेपाचशे किलो पेलतो, चार मिळून बावीसशे. गाडी भरून त्याच्या आत असेल तर घाला. वर गेली तर मालवाहू गाड्यांच्या जातीचे हे काळे घ्यायचे. जाड आहेत, रुपडं नाही." मग त्यानं विचारलं, "भरल्यावर वजन किती होतं तुमच्या गाडीचं?"

कागदपत्रांत होतं ते रिकाम्या गाडीचं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. रिकामी गाडी म्हणजे बसलेलं पाऊल! त्यांनी घरी येऊन जोड्यांच्या खोक्याच्या झाकणावर यादी केली आणि एकेक वस्तू न्हाणीघरातल्या काट्यावर तोलून गाडीत ठेवली. गाद्या, भांडी, सिलिंडर, हत्यारं, जादा चाक, घडीच्या दोन खुर्च्या. पाण्याची टाकी काठोकाठ, पेट्रोल काठोकाठ. शेवटच्या ओळीत काकूंचं वजन, त्यांना न दुखवता, दोन किलो कमी.

वजनकाटा गावाबाहेर, धान्याच्या गोदामापाशी होता. सावकाश, जुन्या टायरांना जपत काकूंनी म्हातारी लोखंडी फळीवर चढवली. काका उतरून काटेवाल्याच्या खोलीच्या खिडकीशी झाकण घेऊन उभे राहिले. आकडे थरथरले आणि थांबले. दोन हजार एकशे साठ.

"बसले!" काका ओरडले. "पांढरे बसले!"

खिडकीतला काटेवाला झाकणावरची यादी वाचून कौतुकानं हसला. "बाई एकट्याच एवढ्या लांब चालल्यात होय?"

काकांना आधी प्रश्नच कळला नाही. काकूंनी गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला. "अहो, ते झाकण द्या इकडे."

कागद डोळ्यांच्या मधोमध धरून, हल्ली त्या वाचत तशा, त्यांनी वरून खाली यादी वाचली. मग पुन्हा वाचली.

"चमचे आहेत यात. तुम्ही कुठे आहात?"

"मी?" काका म्हणाले. "मी तर... इथे उभा आहे."

"पाच आठवडे मी समजत होते, तुम्ही टायर निवडताय. यायचं नव्हतं तर सांगायचं होतं."

"अगं, खुर्च्या दोन घेतल्यात ना!"

"खुर्च्या घेतल्यात हो."

काका गांगरले. विसरलो, असं म्हणणार होते, आणि ते खरंही होतं. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या पायाशी बसून गेलं, स्वतः काट्यावर उभं राहायची सवयच नव्हती. पण एवढंच खरं होतं का? पाच आठवडे अलॉय, पोलादी, रुंद, अरुंद करत बसायला काय झालं होतं? त्यांनी आपल्याच मनात पाहिलं, आणि तिथंही मोजक्या उजेडात चाचपडावं लागलं.

"गाडी निघाली की तुझं चालवणं संपायला लागेल," ते म्हणाले. "नाही निघाली तर संपणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. मला नीट सांगता येत नाही. मला भीती वाटते गं."

काकूंनी झाकण परत त्यांच्या हातात दिलं.

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "बसा आत."

काका वळसा घालून गेले, दार दोनदा ओढून उघडलं आणि चढले. म्हातारी किंचित खाली बसली. काटेवाल्यानं आकडा वाचला, "दोन हजार दोनशे अठ्ठावीस."

अठ्ठावीस किलो जास्त! फ्रिजवरचं चित्र काकांच्या डोळ्यांपुढे आलं. ते घाईघाईनं म्हणाले, "टाकी अर्धी ठेवू. हत्यारं काढू. जादा चाक..."

"काळे सांगा त्याला," काकू म्हणाल्या.

"पण तुला पांढरे..."

"काळे."

काटेवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "चिठ्ठीवर कोणतं वजन लिहू? पहिलं की दुसरं?"

"दुसरं," काकू म्हणाल्या आणि किल्ली फिरवली. काका झाकण मांडीवर धरून, नव्या गिऱ्हाइकासारखे अवघडून बसले होते. त्यांच्याकडे पाहायला काकूंना आता पूर्ण मान वळवावी लागे. ती वळवून त्यांनी विचारलं, "कुठे चावतंय का?"

"चावतंय."

"मग उतरू नका. नऊ दिवस चालून बघा."