मागच्या सीटवर वाचणारा

महेजबीनचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि ज्या पुस्तकामुळे त्याचं उत्तर देता येत नव्हतं, त्याच पुस्तकात ठेवून दिलं.

"आदरणीय नाथाजी काका," तिनं लिहिलं होतं, "मिस्टरांच्या पायात सळी घातली आहे. ट्रॉलीवाला म्हणतो, तो कडेला उभा होता आणि रिक्षा भरधाव येऊन धडकली. पोलिसांत तशीच तक्रार आहे. मिस्टर म्हणतात, ट्रॉली बोळातून अचानक आडवी आली. रिक्षात तुम्ही एकटेच होता. रिक्षा किती जोरात होती तेवढं लिहून द्या. परवाना गेला तर आम्ही करायचं काय?"

पत्र लिहायची वेळ तिच्यावर माझ्यामुळेच आली होती. दवाखान्यात कपाळाला पट्टी बांधून घेताना मी घाबरून माझा फोन नंबर चुकीचा सांगितला होता. साताऱ्याचा पत्ता तेवढा बरोबर होता.

उत्तर का देत नव्हतो ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या बायकोला, मंगललासुद्धा नाही. त्या दिवशी सांगलीच्या पुस्तक प्रदर्शनात मी जुन्या किल्ल्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घेतलं आणि एसटी स्टँडवर जायला वजीरच्या, म्हणजे महेजबीनच्या नवऱ्याच्या, रिक्षात बसलो. घरी पोहोचेपर्यंत धीर निघेना, रिक्षातच ते उघडलं. चौक मागे पडला, धडक बसली, कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं, तोवर मी पुस्तकातून मान वर काढलेली नव्हती. उसानं भरलेली एवढी मोठी ट्रॉली आणि तिचा एकुलता एक साक्षीदार वाचत बसलेला. हे कोणत्या तोंडानं लिहायचं?

मग चौकातल्या कॅमेऱ्याची आठवण झाली. कॅमेऱ्यात सगळं आलं असेल तर माझ्या सांगण्याची गरजच उरणार नव्हती. पण अर्ज करायलाही मला वेळ लागला. जन्म ग्रंथालयात गेला, अर्ज कसा लिहायचा ते मला कळतं. तरी 'विनंती' लिहावं की 'नम्र विनंती', 'अपघात' म्हणावं की 'घटना', यात दिवस गेले. शेवटी सांगलीला गेलो. पालिकेत कळलं की खांब आणि कॅमेरे त्यांचे, पण चित्रण पोलिसांच्या नियंत्रण कक्षात असतं, आणि तेही महिनाभरच. नंतर त्यावर नवीन चढतं. महिना भरत आला होता.

नियंत्रण कक्षात वीरधवल नावाचा हवालदार होता. त्यानं अर्ज वाचला आणि समजावून सांगितलं. जखमी प्रवासी म्हणून मला चित्रण बघता येईल, हातात मिळणार नाही. तपास अधिकाऱ्यांनी मागितलं तर त्यांना देता येईल. मग त्यानं पडद्यावर ती तारीख आणि वेळ काढली.

चौक दिसला. रिक्षा डावीकडून आली, चौक ओलांडला आणि पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर गेली. एवढंच. ट्रॉली नाही, बोळ नाही. अपघात कॅमेऱ्याच्या टप्प्याच्या पलीकडे झाला होता.

वीरधवलनं चित्र थांबवून मोठं केलं. मागच्या सीटवर एक टक्कल दिसत होतं आणि त्याखाली उघडं पुस्तक.

"आजोबा, तुमी तर अभ्यासाला बसलाय की," तो म्हणाला. "पान बी उलटताय, ह्ये बघा."

त्यानं मला ते पुन्हा दाखवलं. मला नको होतं.

"ह्ये बाजूला काढून ठेवू का? न्हाईतर एक-दोन दिवसांत जाईल."

"नको," मी म्हणालो. "त्यात काही नाही."

साताऱ्याला परत येताना एसटीत मी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मंगलनं तोंड का उतरलंय ते विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"आवं, पण तुमाला गाडीत वाचता कुठं येतं?" ती म्हणाली. "महाबळेश्वरच्या घाटात पेपर उघडला तर पिशवी मी धरली होती. कोरेगावला जाताना नुसती पाटी वाचली तरी मळमळतं तुमाला."

"त्या दिवशी येत होतं."

"मग रिक्षा बैलगाडीच्या चालीनं चालली असणार. वजीरभाईनं तुमी वाचताय म्हणून हळू नेली असणार. भरधाव रिक्षात तुमी पान उलटताय व्हय?"

त्या दिवशी मागून एका मोटरसायकलचा हॉर्न वाजला होता आणि वजीरनं हात बाहेर काढून तिला पुढे जा म्हणून खुणावलं होतं, असं काहीतरी आठवू लागलं. पण हे खरंच झालं होतं, की मला आता हवंय म्हणून आठवत होतं? माझ्या आठवणीवर माझाच विश्वास नाही. पान उलटल्याचं मात्र पडद्यावर होतं, आणि मीच ते नको म्हणून आलो होतो. कक्षाचा फोन नंबर घ्यायचंही सुचलं नव्हतं.

सकाळची पहिली एसटी धरली. मंगलचं म्हणणं तरी खरं आहे का ते पाहावं म्हणून हायवेला लागल्यावर पुस्तक उघडलं. अर्धं पान झालं नाही तोच पोटात ढवळून आलं. शेजारच्या बाईंनी न बोलता खिडकीची जागा मला दिली. इतक्या आनंदानं मला कधी मळमळलं नसेल. पण तो आनंद कराडपर्यंतच टिकला. पुढचा सगळा रस्ता, चित्रण पुसलं गेलं असेल, याच विचारात गेला.

वीरधवल चहा पीत होता. मी काय बोललो ते मलाच नीट आठवत नाही. त्यानं कप खाली ठेवला, तारीख टाकली. पडद्यावर बराच वेळ एक चक्र फिरत राहिलं. तिकडे बघवेना म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा राहिलो.

"हाय," तो म्हणाला. "लय नशीबवान हाय तुमी. पर काल तर म्हणत होता, काय न्हाई त्यात."

"काल मला फक्त मीच दिसलो."

त्यानं मान हलवली, चित्रण बाजूला काढून ठेवलं आणि माझ्या नव्या अर्जावर पोच दिली. तपास अधिकाऱ्यांसाठीचा अर्ज कुठे द्यायचा तेही त्यानंच सांगितलं. तोही दिला.

मग बाहेरच्या बाकावर बसून पत्र लिहिलं. या वेळी मसुदा केला नाही.

"महेजबीनताई, उत्तराला उशीर झाला. मी ट्रॉली पाहिली नाही. मी वाचत होतो. चालत्या गाडीत वाचलं की मला मळमळतं, ती अगदी हळू असेल तरच वाचता येतं. त्या दिवशी चौकापासून धडक बसेपर्यंत मी वाचत होतो. चौकातलं चित्रण पोलिसांकडे आहे, त्यात मी पान उलटताना दिसतो. हे मी कोर्टातही सांगेन. लोक हसतील, हसू द्या. वजीरभाईंना सलाम."

खाली फोन नंबर लिहिला आणि प्रत्येक आकडा मोबाइलशी ताडून पाहिला.

तिच्या पत्रावरच्या पत्त्याप्रमाणे तिचं घर तिथून जवळच होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत मी गेलोही. दारात धुतलेले कपडे वाळत होते, आत कुणीतरी बोलत होतं. आत जाऊन काय बोलायचं, पाणी दिलं तर घ्यायचं की नको म्हणायचं, पायाकडे बघायचं की नाही, काहीच ठरेना. मागे फिरलो. पोस्टासमोरच्या लाल पेटीत पत्र टाकलं, आणि ते फटीत अडकलं तर नाही ना हे बोटं आत घालून पाहिलं.