हलका दाणा

कृषी महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर शुभ्राला पुण्यात चांगल्या नोकऱ्या मिळत होत्या. पण ती आईवडिलांकडे भोरला परत आली आणि भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीत कामाला लागली. गहू शेतात उभा असतानाच यंदा किती पिकेल आणि दाणा कसा निघेल, ते सांगायचं, एवढंच तिचं काम. तिच्या अंदाजावरून कंपनी पुण्याजवळच्या एका पीठगिरणीला माल कबूल करायची. कबूल केल्यापेक्षा दाणा हलका निघाला तर गिरणीवाले भरलेला टेम्पो फाटकातूनच मागे फिरवायचे.

कंपनीचे अध्यक्ष वसंतराव हे तिच्या वडिलांचे जुने स्नेही. बँकेतून निवृत्त झाल्यावर खेटे घालून घालून त्यांनीच ही गिरणी ग्राहक म्हणून मिळवली होती. शुभ्राला ते लहानपणापासून ओळखत आणि ती त्यांना काका म्हणायची.

त्या वर्षी थंडी लवकर गेली. गहू चिकात होता, म्हणजे दाण्यात अजून दूधच होतं, आणि फेब्रुवारीतच चैत्रासारखं ऊन तापायला लागलं. कंपनीनं उपग्रहाचे नकाशे विकत घेतले होते, त्यात सगळीकडे हिरवंगार दिसत होतं. वसंतराव खुशीत होते. शुभ्रा मात्र शेताशेतांतून हिंडत होती. ओंबी तळहातावर चोळली की आत भरलेल्या दाण्याऐवजी सुरकुतलेली साल हाताला लागायची. वेल्ह्याकडे भात काढून मग गहू पेरतात, त्यामुळे पेर उशिराची. तिथं तर फारच वाईट स्थिती होती.

तोरण्याच्या पायथ्याला एका वाडीत चंद्राबाईचं रान होतं. तिचा नवरा बिरू मेंढरं घेऊन खाली देशावर गेलेला, म्हणून शेत तीच बघायची. नमुना शेताच्या कुठल्या भागातून घ्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरायचं, आणि चिठ्ठी निघाली वरच्या, खडकाळ कोपऱ्याची. शुभ्राबरोबर कंपनीचा देखरेख करणारा कुंडलिक होता. त्याला वसंतरावांचा फोन येऊन गेला होता. तो म्हणाला, वर काय दम नाही, ओढ्याकडचा गहू घेऊ.

शुभ्रा काही बोलायच्या आत चंद्राबाईच पुढं झाली.

"चिठ्ठी वरची निगालीया, तर वरचाच घ्या. वड्याकडचा नेऊन समदं रान तसंच हाय म्हून सांगाल, आन उद्या टेम्पो मागारी आला की मानसं माज्या नावानं बोटं मोडतील. न्हाई चालायचं."

कुंडलिकनं समजवायला सुरुवात केली, तेव्हा ती वरच्या बांधावर जाऊन उभी राहिली आणि शुभ्राला हातानं बोलावलं. नमुना तिथलाच घेतला गेला.

सगळे नमुने वाळवून वजन केल्यावर शुभ्रानं अंदाज लिहिला. भोरकडच्या नदीकाठचा गहू मध्यम, वेल्ह्याचा हलका, आणि एकूण पीक बरंच कमी. वसंतरावांनी तो वाचून कागद बाजूला ठेवला. नकाशा काय दाखवतोय ते बघ, म्हणाले.

"पान हिरवं आहे, काका. दाणा भरलेला नाही."

मग त्यांनी मार्ग काढला. वेल्ह्याची रानं लहान, त्यांचे नमुने वगळायचे आणि नदीकाठची सरासरी सगळ्यांना लावायची. शुभ्रा नाही म्हणाली. त्यांनी वडिलांची ओळख काढली, गिरणी हातची गेली तर काय होईल ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "अंदाजच आहे ना तो? थोडा चढता लिहिला तर काय बिघडतं?"

"अंदाज आहे म्हणूनच तो मला दिसतो तसा लिहायला हवा. नाहीतर तो अंदाज कसला, ती इच्छा झाली."

वसंतरावांनी आपलाच आकडा ठरवला. आंबवड्याच्या देवळाच्या सभामंडपात गिरणीच्या खरेदी अधिकारी शेफाली यंदाचा माल ठरवायला येणार होत्या. त्या बैठकीला शुभ्रानं यायचं कारण नाही, असा निरोप तिला मिळाला. ती सकाळची एसटी पकडून गेलीच.

वसंतरावांचं बोलून झालं तशी ती उठली आणि म्हणाली, हा आकडा माझा नाही. मग तिनं स्वतःचा अंदाज सांगितला. मंडपात गलका उठला. वेल्ह्याचा ज्ञानू म्हणून शेतकरी होता, तो तर ताडकन उभाच राहिला. "आमच्याच मालाला नावं ठिवतीस? कुनाची हायस तू?"

शुभ्रा खाली बसली नाही. शेफालींनी तिला विचारलं, तुम्हाला कितपत खात्री आहे?

"पूर्ण खात्री कुणालाच देता येणार नाही. चुकले तर इथंच उभी राहून सांगेन."

शेफालींनी चांगल्या गव्हाची मागणी कमी केली. हलका दाणा दलियासाठी घेऊ, पण तसं आधीच लिहून द्या, म्हणाल्या. वसंतरावांना द्यावं लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शुभ्राला कामावर येऊ नकोस म्हणून कळवलं. घरी आई रागावली. वडील एवढंच म्हणाले की वसंता हट्टी आहे, आणि तूही.

मळण्या झाल्या. वेल्ह्याचा दाणा शुभ्रानं सांगितला तसाच हलका निघाला. पण तो दलियासाठी ठरलेला होता, त्यामुळे गिरणीनं मुकाट उतरवून घेतला. ज्ञानूचा टेम्पोही रिकामा होऊन आला. नदीकाठी मात्र वेगळंच झालं. तिथल्या लोकांनी ऊन बघून शेवटचं एक जादा पाणी दिलं होतं आणि दाणा टपोरा भरला. गिरणीनं मागणी कमी केलेली, त्यामुळे तो सोन्यासारखा गहू बाजारात मिळेल त्या दरानं घालावा लागला. नदीकाठची माणसं चिडली. वसंतराव जो भेटेल त्याला सांगायला लागले, बघा, बाईंचा अंदाज.

कंपनीची पुढची सभा त्याच मंडपात होती. शुभ्राला आमंत्रण नव्हतं. ती आली आणि कुणी बोलायच्या आधीच उभी राहिली.

"वेल्ह्याचं बरोबर आलं, नदीकाठचं चुकलं. लोक शेवटचं पाणी देतील हे मी धरलंच नव्हतं. चूक माझी आहे."

नदीकाठचे गेनबा म्हातारे शेतकरी. ते शांतपणे म्हणाले, "मग पोरी, तुजं ऐकून आमच्या पदरात काय पडलं?"

"तुमचं नुकसान झालं, आबा, ते मी नाकारत नाही. पण मी कुठं चुकले ते आज सांगता येतंय, कारण आकडा माझा होता. तो मी काकांच्या सांगण्यावरून बदलला असता, तर नेमकं काय चुकलं ते तुम्हालाही कळलं नसतं आणि मलाही. आणि वेल्ह्याचे टेम्पो फाटकातून मागे आले असते."

गेनबा मान हलवत खाली बसले. 

वसंतरावांनी तिला बाजूला घेतलं. परत ये, म्हणाले, फक्त अंदाज आधी मला दाखवायचा. शुभ्रानं सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "अंदाज आधी शेतकऱ्यांसमोर वाचेन. हे चालणार असेल तर येते. नसेल तर एकटी हिंडेन, पण वाचेनच."

मागे बायकांत चंद्राबाई बसली होती. "वेल्ह्याची मानसं ऐकत्याल," ती म्हणाली. "माजं रान हाईच." ज्ञानूनं तिच्याकडं रागानं बघितलं. पण शुभ्राला तिच्या अटीवर परत घ्यायचं का, यावर हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यानंही केला. नदीकाठचे बरेचसे हात खालीच राहिले. थोडक्यात निभावलं, आणि शुभ्रा कामावर परतली.

पुढच्या हंगामात ती शेवटचं पाणीही विचारून घ्यायला लागली. एकच आकडा देणं तिनं सोडलं. कमीत कमी इतकं आणि जास्तीत जास्त इतकं, असं सांगायचं ठरवलं. अंदाज वाचायच्या सकाळी वसंतराव वेल्ह्यात तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले की तो कमीत कमीचा आकडा निदान थोडा वर घे, लोकांना धीर येईल.

शुभ्रा त्यांच्याकडं बघून हसली, पुढं गेली आणि होता तसा आकडा मोठ्यानं वाचला.