मोरचुदाचा हिरवा जाळ

"मॅडम, जो वायू डोळ्यांना दिसतच न्हाय, त्याच्याकडं दिवसभर बघत बसून तुमाला येड न्हाय लागत?"

विचारलं एकदाचं! माझ्या मैत्रिणींनी, छकुली आणि म्हाळसानं, माझ्यावर पैज लावली होती, की भर सभागृहात ही सारजा तोंड उघडायची न्हाय. बारामतीच्या विज्ञान मेळाव्याला आम्ही डाळजच्या दहावीच्या पोरी गेलो होतो. तिघींचं ठरलेलं, दहावी झाली की एकत्र भिगवणला आर्ट्सला. सगळे माझ्यावर हसले, मला तर मजाच वाटली.

पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञ योगिनी मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"दिसतो की! वायूतून प्रकाश सोडायचा. प्रत्येक रेणू ठरावीक रंग गिळतो, प्रकाशाच्या रंगपट्ट्यात तिथं काळी रेघ उमटते. जाळात तर साध्या डोळ्यांनीही रंग दिसतात, तांब्याचा हिरवा, मिठातल्या सोडियमचा पिवळा. आता दोन वायू एकमेकांना भिडले की मधेच एक रेणू क्षणभर जन्मतो आणि मोडतो. त्याची रेघ कुठं असेल ते आम्ही आधी संगणकावर गणित करून काढतो, मग शोधत बसतो. माझी एक रेघ तीन वर्षं झाली, सापडली नाही."

"मग करमतं कसं?"

"नाही करमत. आज पण दिसली नाही, हे घरी कुणाला सांगणार?"

परतताना एसटीत भेंड्या रंगल्या होत्या. मी म्हाळसाला हलवलं. "क्षणात मोडणारा रेणू, अगं! जगात कुणी बघितला न्हाय!"

"न्हाय तर न्हाय. तू 'र'वरून म्हण."

मी 'र'वरून म्हटलं. पण गाण्यात जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी डाळिंबाच्या फवारणीला आणलेल्या मोरचुदाची चिमूट मी न्हाणीबाहेरच्या चुलीत टाकली. मोरचुदात तांबं असतं ना! जाळ हिरवागार झाला. काय दिसत होता म्हणून सांगू!

"आई, बघ, बघ!"

"अगं बया! करणी हाय ही!"

"करणी न्हाय, तांबं हाय."

ऐकतंय कोण! आईनं मला पाटावर बसवलं, मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्या आणि त्याच चुलीत टाकल्या. जाळ पिवळाधमक!

"सोडियम!" मी उडीच मारली. "आई, तू पण प्रयोग केलास!"

"अहो, पोरगी बरळतीया," आई तात्यांकडं बघून म्हणाली. त्यात मिरच्यांचा ठसका उठला नाही. म्हणजे दृष्ट लई मोठी, असं तिचं ठरलं.

संध्याकाळपर्यंत तात्यांचं नाव गावभर झालं, जोतीरामाच्या चुलीत हिरवं पेटतंय. मी छकुलीला दाखवायला बोलवायला गेले, तर तिची आई दारातूनच म्हणाली, "न्हाय यायची ती." म्हाळसा शाळेत दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. आठवडाभर मी एकटीच चुलीपुढं बसत होते. एवढा सुंदर रंग, आणि "बघितलास का?" म्हणायला शेजारी कुणी नाही.

रविवारी जेवताना मी ताट बाजूला सारलं.

"आई, तात्या, मी आर्ट्सला जाणार न्हाय. बारामतीला सायन्स घेणार, होस्टेलवर राहणार."

"तितं तुझं कोण हाय?" आई म्हणाली.

"कुणीच न्हाय. हितं तरी कोण उरलंय? एकटी तर एकटी, पण मी जाणार."