शिंप्याच्या हातचं जहाज

मित्रांनो, समुद्र कसा असतो ते मला विचारू नका. मी तीन डोलकाठ्यांचं जुनं जहाज आहे खरं, पण माझा सगळा जन्म बैठकीच्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर गेला. लांबीला मी जेमतेम हातभर. आणि आधीच सांगून टाकतो, मी डाव्या अंगाला फुगलेलो आहे. पाहुणे पहिलं बोट तिथेच ठेवतात.

जन्मलो तेव्हा मी जहाज नव्हतोच. एका कारखान्यात यंत्रानं माझे तुकडे कापले. लाकडी बरगड्या, पातळ पट्ट्या, दोऱ्याच्या लडी, छापील शिडं, सगळं एका खोक्यात भरलं आणि झाकणावर एक देखणं चित्र चिकटवलं. आपण त्या चित्रासारखं व्हायचं, एवढंच मला ठाऊक होतं. दुकानाच्या फळीवर पुष्कळ धूळ खाल्ल्यावर एका तरुण बाईनं मला उचललं आणि घरी नेऊन सासऱ्यांपुढे ठेवलं.

हे सासरे शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरले, बोलणं सावरलं, पण उजवा हात काही ताळ्यावर येईना. कात्री पेलत नव्हती, सुईत दोरा जात नव्हता. दुकानाला कुलूप लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बारीक काम करत राहा, हात परत आला तर त्यानंच येईल. नाही आला तर ते कुलूप पुन्हा निघणार नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं.

मास्तरांनी खोक्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "आता म्हातारपणी खेळणी मांडून बसू का?"

"खेळणं कसलं, बाबा, हाताचा व्यायाम आहे," सून म्हणाली.

"दिवसभर भिंती बघता, त्यापेक्षा हे बघा," त्यांची बायको म्हणाली आणि खोकं उघडून गेली.

पहिल्या दिवशी माझी पहिलीच बरगडी त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडली. सून उचलायला वाकली, तर सासूनं तिचा हात धरला. "राहू दे. ते उचलतील." मास्तरांनी ती उचलली खरी, पण तोवर दिव्याची वेळ झाली होती. मला फार वाईट वाटलं. अशा हातांनी मी कधी उभा राहणार, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण माणूस हट्टी होता. ओल्या पट्टीवर इस्त्री फिरवून ती वाकवायची युक्ती त्यांची त्यांनीच काढली. डिंक सुकेपर्यंत पट्ट्या धरून ठेवायला दोरीवरचे कपड्यांचे चिमटे माझ्या अंगाला लागले, आणि घरातले सदरे वाऱ्यावर अंगणभर झाले. बायकोनं ते गुपचूप गोळा केले.

मग घोळ झाला. शिंपी शिवणीत थोडी माया सोडतो, म्हणजे कडेला जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतो, कपडा घट्ट झाला तर उसवता यावा म्हणून. मास्तरांचा हात जन्मभराच्या सवयीनं तसाच चालला. डाव्या बाजूची प्रत्येक पट्टी तासताना त्यांनी मापापेक्षा किंचित रुंद ठेवली. आता लाकूड कुठे दुमडतं? पट्ट्या एकमेकींवर चढल्या, आणि लक्षात येईतो डिंक दगडासारखा झाला होता.

मास्तर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. "संपलं माझं," म्हणाले. "हातही गेला, डोकंही गेलं." त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत.

शेवटी बायकोनं मला उचलून त्यांच्या पुढ्यात आणलं. "जन्मभर लोकांचे वाकडे खांदे सदऱ्यात झाकलेत ना? मग याचं पोट झाका."

त्यांनी बराच वेळ मला उलटसुलट फिरवलं. मग उजव्या हातात काचपेपर घेतला.

छापील शिडं त्यांनी फेकूनच दिली. "याला काय कापड म्हणायचं?" दुकानातलं उरलेलं अस्तराचं कापड मागवून त्यांनी शिडं हातानं शिवायला घेतली, डावीकडची जरा मोठी, फुगवटा झाकेल अशी. पहिल्या शिडाचे टाके पाहाल तर दारुड्याची चाल बरी म्हणाल. दुसऱ्याचे जरा सावरले. पुढे पुढे तर टाका दिसेना. शेवटचं शीड मांडीवर होतं त्या सकाळी मास्तरांनी सुईत दोरा ओवला, आणि तो पहिल्याच खेपेला गेला. ते सुईकडे बघतच राहिले.

तेवढ्यात शेजारीण आली. तिच्या मुलीचं लग्न होतं. "मास्तर, तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात कापड द्यायला जीव होत नाही हो. जमेल का?"

मास्तरांनी शीड बाजूला ठेवलं. "किल्ली कुठे आहे गं?" त्यांनी बायकोला विचारलं. तिनं लगबगीनं किल्ली आणून दिली.

दुकानात काय झालं ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी सासू सुनेला सांगत होती, "कात्री आधी सुटली. मग धरली, ती थेट कापडाच्या टोकापर्यंत गेली." आणि मग ती रडली.

शेवटचं शीड तसंच राहिलं. "बघू रविवारी," मास्तर म्हणायचे, आणि रविवारीही दुकानात जायचे. मला कपाटावर ठेवलं गेलं. कोळ्यानं जाळं विणलं, रंगाऱ्यानं एक दोरी तोडली. मी मनात खूप कुढलो. माझं एवढं केलं आणि आता विसरले, असं म्हणायचो. अक्कल उशिरा येते ती अशी.

पुढे पुष्कळ वर्षांनी मास्तर गेले. आदल्या दिवशीपर्यंत दुकान उघडं होतं.

परवा सुनेनं एका हौशी कारागिराला बोलावलं. तो अशी जहाजं बांधतो. त्यानं तुटलेली दोरी हलक्या हातानं जोडली, धूळ पुसली, फार निगुतीनं केलं सगळं. मग म्हणाला, "मागच्या काठीला शीड नाही. मी शिवून लावतो, म्हणजे जहाज पुरं होईल."

मास्तरांची बायको आता खूप थकली आहे. खुर्चीतूनच म्हणाली, "नको. ते शिवायला बसले होते, आणि त्यांना दुकानात बोलावणं आलं."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं काम कुणी अर्धं सोडलेलं असेल. ते फेकून देऊ नका, आणि पुरं करायचीही घाई करू नका. आधी घरातल्या कुणाला तरी विचारा, हे करणारा माणूस मधेच उठून कुठे गेला होता.